सहावं टोक

दोर वळणारी बाई उलटी चालते. चाकाशी एक जण बसून चाक फिरवतो, आणि ती कमरेला गुंडाळलेल्या वाखातून बोटांनी धागा सोडत मागे मागे जात राहते. पाठीमागे काय आहे ते तिला दिसत नाही. लग्न होऊन या घरात आल्यावर पहिल्या वर्षी सून दोनदा गोठ्याच्या खुंटावर आपटली होती. सासू चाकाशी बसून हसली होती.

"पाठीला डोळे फुटेपर्यंत असंच चालायचं, पोरी."

फुटले. पुढे पुढे तर साठ पावलं मागे जाऊन ती न बघता भिंतीच्या एक वीत अलीकडे थांबायची.

घर तिघांचं. सासू चाकाशी, सून वाखाशी आणि सासूचा मुलगा विहिरीत. घायपाताची पानं कुजवायची, ठेचायची, धुवायची, वाळवायची. मग त्या पांढऱ्या केसांचा, म्हणजे वाखाचा, दोर व्हायचा आणि त्याच दोरावर घरचा कर्ता पुरुष लोकांच्या विहिरींत उतरायचा. त्या उन्हाळ्यात पाणी खूपच खाली गेलं. जो तो आपली विहीर खोल करून मागू लागला. नवऱ्याला उसंत राहिली नाही. अंगाला गाळाचा वास लागायचा, कानांतून दगडाची भुकटी निघायची. सासू म्हणायची, "अर्धी विहीर तर तू घरीच घेऊन येतोस."

त्याच्याबरोबर कामाला लहानपणापासूनचा एक दोस्त होता. दोघं आळीपाळीने उतरायचे. पण वर्षापूर्वी वरून एक दगड निसटला, त्या दोस्ताच्या कानाला घासून खांद्यावर पडला, आणि तेव्हापासून तो खाली उतरेना. वर काठावर उभा राहून दोर सांभाळायचा. काम चोख करायचा, पण विहिरीत वाकून बघायची वेळ आली की त्याचा रंग उडायचा. एकदा चहाच्या टपरीवर त्याला कुणीतरी "काठावरचा" म्हटलं आणि ते नाव चिकटलं. ते कुणीतरी म्हणजे तिचाच नवरा.

त्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी टपरीवर नवऱ्याने चहाचा भरलेला पेला त्याच्यापुढे सरकवला आणि म्हणाला, "काठावरच्या, तुझ्या मापाची विहीर आणलीय. बघ, उतरायला जमतंय का."

दहाबारा जण हसले. काठावरच्याने पेला बाजूला ठेवला.

"उद्या दोर माझ्या हातात असेल," तो म्हणाला. "तेव्हा हस."

नवरा त्यावरही हसला. घरी येऊन जेवताना त्याने ही गंमत सांगितली. सून हसली, सासू पण हसली. त्या हसण्याची आठवण पुढे दोघींनाही नकोशी झाली.

*

दुसऱ्या दिवशी विहीर होती घरापासून दोन शेतं पलीकडे. सत्तर हात खोल, तळाला काळा कातळ. काठावर लाकडी चौकट, चौकटीला लोखंडी कप्पी, आणि मागे सहा हातांवर जमिनीत पुरलेला दणकट खांब. दोराला पुढे बसायची फळी बांधलेली. दोर कप्पीवरून मागे यायचा, खांबाला दोन वेढे घ्यायचा आणि काठावरच्याच्या हातात जायचा. माणूस खाली सोडायचा तो असा, हळूहळू, वेढे सैल करत. विहिरीचा मालक घरी गेला होता. त्या वेळी तिथे दोघंच होते.

सून उलटी चालत होती तेव्हा हाक आली. तिने वाख सोडला आणि धावली. पाठोपाठ सासू आणि आजूबाजूच्या शेतांतले लोक धावले. कमरेला सुरी आणि शिंगाचा टोचा होताच. त्या घरात बाई उठल्यावर केस बांधते तसं ते कमरेला खोवलं जायचं.

काठावरचा खांबाशी बसला होता. उठता येत नसल्यासारखा.

"वहिनी, दोर गेला."

खांबाजवळ दोर तुटला होता. उरलेला दोर खांबाभोवती तसाच होता. विहिरीकडचं टोक झटक्यात कप्पीपर्यंत गेलं होतं आणि चाकाच्या फटीत अडकून बसलं होतं. फळी खाली अर्ध्यावर लटकत होती. फळीवर कुणी नव्हतं.

"हाक ऐकू आली," कुणीतरी वाकून म्हणालं. "थांबा, गप्प राहा जरा. कण्हतोय बघा."

तिने खाली पाहिलं. नुसता अंधार होता, आणि अंधाराच्या तळाशी बशीएवढं आभाळ.

"दुसरा दोर आणा रे."

"एवढा लांब गावात नाही," ती म्हणाली. "हाच जोडावा लागेल."

"गाठ मारा ना पटकन."

"गाठ कप्पीतून जाणार नाही."

ती खांबाशी मांडी घालून बसली. कप्पीतलं टोक सोडवून दोघा जणांनी तिच्या हातात दिलं. खालच्या दोराची तिन्ही पेडं तिने उलगडली, वरच्या दोराची तिन्ही उलगडली, आणि सुरीने सर सर छाटली. दोर सांधायचा तर आधी टोकं छाटायची. टोक तिरकं छाटायचं, म्हणजे पेड निमुळतं होतं आणि आत शिरतं. हे तिला कुणी तोंडाने शिकवलं नव्हतं, सासूच्या हातांकडे बघून आलं होतं. मग टोच्याने दोर फाकवायचा आणि एका दोराचं पेड दुसऱ्या दोराच्या पिळाखाली घालायचं, एकावरून, एकाखालून. इकडची तीन, तिकडची तीन. एरवी या कामाला अर्धा तास लागतो. त्या दिवशी दहा मिनिटं लागली असतील. तिचे डोळे त्या दहा मिनिटांत एकदाही दोरावर नव्हते. ती विहिरीच्या काठाकडे बघत होती.

छाटलेले तुकडे तिने सवयीने ओच्यात टाकले. वाख वाया घालवायचा नाही, हीसुद्धा त्या घरची रीत.

"कोण उतरतंय?" मालकाने विचारलं. तोवर तोही आला होता.

तरणी पोरं एकमेकांकडे बघू लागली. दोर नुकताच तुटलेला, त्यात बाईने दहा मिनिटांत घातलेला सांधा.

काठावरच्याने पायातल्या वहाणा काढल्या. "मी उतरतो," तो म्हणाला.

कुणी हसलं नाही. तो फळीवर बसला आणि खाली न बघता त्याने दोर दोन्ही हातांनी धरला. तो गेला. सांधा कप्पीशी आला तेव्हा तिने श्वास रोखला. सांधा कप्पीवरून गेला आणि चाकाचा आवाजसुद्धा बदलला नाही.

बऱ्याच वेळाने खालून दोन झटके आले. आठ जणांनी ओढलं. वर आला तो तिचा नवरा, फळीला कंबरपट्ट्याने नीट बांधलेला, मान एका बाजूला. कण्हणारं कुणी नव्हतं. तो पडता क्षणीच गेला होता.

तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं. सगळे भोवती जमले. पुढचं तिला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. मध्ये कधीतरी तिने मान वर केली तर काठावरचा समोर उभा होता, कमरेपर्यंत गाळाने माखलेला, तळहातांची कातडी सोलून निघालेली. तो वर कधी आला, त्याच्यासाठी दोर परत खाली कुणी सोडला, हे तिने पाहिलं नाही.

संध्याकाळी सासूने मुलाला आंघोळ घालायला पाणी तापवलं. ओलं लाकूड पेटेना. सासूने हात पुढे केला, तशी सुनेने ओच्यातला वाख काढून दिला. भुरकन पेटला.

*

तिसऱ्या दिवशी टपरीवरचं बोलणं पोलिसांच्या कानावर गेलं. ते काठावरच्याला घेऊन गेले आणि दोरही घेऊन गेले. दोर पोत्यात घातला, पोत्याचं तोंड शिवलं, त्यावर लाख ओतली.

"दोराची तुटलेली टोकं कुठायत?" जमादाराने विचारलं होतं.

सून चुलीकडे बघत राहिली. सासूही तिकडेच बघत होती. काय जळून गेलं ते दोघींना तेव्हा पहिल्यांदा समजलं.

खटला उभा राहायला दोन वर्षं गेली. सासू चाक फिरवायची आणि बोलायची. चाकाच्या एका फेऱ्याला एक वाक्य, असं.

"दोर काय आपोआप तुटतो? तू वळलेला?"

"खांबाशी घासून तुटतो, आई. एखादा."

"आणि तो म्हणाला ते? सगळ्या गावाने ऐकलं ते?"

"ऐकलं."

"कमरेला सुरी होती त्याच्या."

"ती तर माझ्याही होती."

चाक थांबायचं. सुनेच्या बोटांतला धागा ढिला पडायचा.

"तू माझ्या पोराची बायको आहेस का त्याची वकील?"

सरकारी वकील चांगला माणूस होता. त्याने दोघींना खोलीत बसवून पाणी दिलं. म्हणाला, "बाई, वर दोनच माणसं. एक खाली गेला. धमकी सगळ्यांनी ऐकलेली. आता मला फक्त दोर हवाय. दोर कापलेला होता, की झिजून तुटलेला? हे सांगू शकेल असं माणूस जगात एकच आहे. टोकं तुमच्या हातात होती."

"हातात होती," ती म्हणाली.

"कापलेली टोकं सारखी असतात ना? एका रेषेत?"

"हो. आणि तुटलेली असतील तर केसाळ. लहानमोठी."

"मग? कशी होती?"

वकिलाने घड्याळ पाहिलं. "आठवा. परवा तारीख आहे."

घरी येताना वाटेत सासू थांबली. उन्हात, रस्त्याच्या मधोमध. तिने सुनेचा दंड धरला. धरण्यात जोर नव्हता. ते पाहूनच सुनेला भरून आलं.

"एक शब्द आहे गं. 'कापलेला.' एवढंच म्हण. मी चूल पेटवली, माझ्या हातून गेलं ते. तू एक शब्द देऊन ते परत आण."

*

कोर्टाची खोली उंच होती. वर पंखा फिरत होता आणि त्याची सावली न्यायाधीशांच्या टेबलावरून गोल गोल जात होती. पोतं आणलं, लाख फोडली. दोर बाहेर आला तेव्हा त्याला विहिरीच्या गाळाचा वास होता, आणि सुनेला वाटलं, नवराच दारातून आत आला.

काठावरचा पिंजऱ्यात उभा होता. वाळला होता. त्याने दोराकडे पाहिलं नाही.

सरकारी वकिलाने विचारलं, "हा दोर तुम्ही वळलेला?"

"हो."

"सांधा तुम्ही घातला?"

"हो."

आरोपीचा वकील उठला. "कुठे आहे सांधा? मला तर दिसत नाही."

दोर हातोहात फिरला. कारकुनाने चाचपला, दोन्ही वकिलांनी चाचपला. न्यायाधीशांनी चष्मा काढून ठेवला, डोळे मिटले आणि दोर बोटांमधून हळूहळू सरकवला. पुन्हा मागे नेला. खोलीत फक्त पंख्याचा आवाज होता.

"हे दोन दोर आहेत, असं मला कुणी सांगितलं नसतं तर मी मानलं नसतं," ते म्हणाले. "दाखवा."

तिने जवळ जाऊन बोट ठेवलं. "इथून इथपर्यंत."

"गाठ मारली असती तर टोकं आज इथे असती," आरोपीचा वकील म्हणाला.

"गाठ कप्पीतून गेली नसती."

"म्हणजे तुमच्या पतीला काढायचं तर टोकं छाटण्यावाचून इलाज नव्हता?"

"नव्हता."

सरकारी वकील पुढे आला. "बाई, आता नीट आठवून सांगा. छाटण्याआधी ती टोकं कशी होती?"

मागच्या बाकावर सासू बसली होती. तिच्याकडे न बघताही सुनेला ती दिसत होती. पाठीला डोळे होतेच.

शब्द जिभेवर आला होता. ती त्या दहा मिनिटांत पुन्हा जाऊन बसली. वाखाचा खरखरीतपणा, सुरीची मूठ, उन्हाची तिरीप, सगळं होतं तिथे. काठावर वाकलेल्या माणसांच्या पाठी होत्या. मांडीवर टोकं होती. तिने खाली बघायचा प्रयत्न केला. मान वळेना. त्या दिवशी वळली नव्हती, ती आज कशी वळणार?

"मी पाहिली नाहीत," ती म्हणाली.

"हातात होती ना?"

"हातात होती. मी विहिरीकडे बघत होते."

मागे बाक करकरला. आरोपीच्या वकिलाने एकच प्रश्न विचारला: "तुमचे पती वर आल्यावर आरोपी तळाशीच होता. त्याच्यासाठी दोर पुन्हा खाली कुणी सोडला?"

"मला माहीत नाही."

डॉक्टर येऊन गेले. आरोपीच्या तळहातांची कातडी कशाने गेली, दोर निसटताना धरायला गेल्याने की नंतर तळाशी प्रेत बांधण्याच्या आणि चढण्याच्या खटपटीत, हे त्यांना सांगता आलं नाही. टपरीवरचे येऊन गेले. धमकी सगळ्यांनी ऐकली होती, दोराला लागलेली सुरी कुणी पाहिली नव्हती.

निकालाच्या दिवशी न्यायाधीशांनी बराच वेळ कागद वाचला. त्यातलं तिला थोडंच कळलं. मग त्यांनी कागद खाली ठेवला आणि दोघींकडे बघून साध्या भाषेत म्हणाले, "आई, तुमचा मुलगा गेला हे खरं. तो कसा गेला हे या कोर्टाला माहीत नाही. पुरावा त्याला वर काढण्यातच संपला. जे माहीत नाही त्यावर मी माणसाला शिक्षा देऊ शकत नाही."

सून त्यांच्याकडे बघत राहिली. एवढी उंच खोली, एवढे पोलीस, एवढे कागद, दोन वर्षं. आणि त्या सगळ्याच्या टोकाला बसलेला, सगळ्यांत मोठ्या खुर्चीवरचा माणूस सरळ म्हणाला की मला माहीत नाही. आजवर तिला भेटलेल्या प्रत्येक खुर्चीतल्या माणसाला सगळं माहीत असायचं. तिला वाटलं, आपण पुन्हा त्या सत्तर हात विहिरीत वाकून बघतोय.

काठावरचा सुटला.

*

अपिलाची मुदत गेली आणि दोर परत मिळाला. कारकुनाने सही घेतली आणि वेटोळं तिच्या खांद्यावर ठेवलं. सासू निकालापासून तिच्याशी बोलत नव्हती. चाक फिरवायची तेवढं.

"जाळून टाक तो," ती एवढंच म्हणाली.

सुनेने तो अंगणात टाकला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऊन चांगलं वर आल्यावर ती टोचा घेऊन बसली. का उकलायचा, हे तिला सांगता आलं नसतं. तिने घातलेला सांधा होता, आणि त्यात काय आहे ते तिने पाहिलं नव्हतं.

सांधा घट्ट होता. विहिरीचं पाणी पिऊन वाख आवळला होता. एकटीने उलटा पीळ देऊन पेड मोकळं करणं जमेना. टोचा दोनदा निसटला.

कुंपणापाशी पायांचा आवाज झाला. काठावरचा आला होता. आत यावं की नाही ते न कळून उभा होता.

"वहिनी."

सासू चाकाशी ताठ झाली. "काय राहिलंय आता?"

"काही नाही, काकू. दोर परत मिळाला म्हणून कळलं." तो दोराकडे बघत होता. कोर्टात बघितलं नव्हतं ते आता बघत होता. "उकलताय?"

"हो," सून म्हणाली. "एकटीने होत नाही."

मग तिने दोराचं टोक उचललं आणि त्याच्याकडे टाकलं.

"धरा, भाऊजी."

त्याने धरलं. त्याचे तळहात तिला दिसले. गुळगुळीत, गुलाबी, रेषा नसलेले. त्याने जमिनीत टाच रोवली आणि उलटा पीळ दिला. आत काय निघेल हे त्याला माहीत असेल तर तो धरेल का? आणि माहीत नसेल तर? तिने तो विचार तिथेच सोडला आणि टोचा घातला.

पहिलं टोक निघालं. तिरकं छाटलेलं, तिच्या सुरीचं. दुसरं, तसंच. तिसरंही. एका बाजूची तिन्ही झाली. चौथं तिरकं. पाचवं तिरकं. आतला वाख वळला त्या दिवसासारखा पांढरा होता.

सहावं पेड आखूड होतं. इतरांपेक्षा चार बोटं आत संपलेलं. आखूड म्हणूनच त्या दिवशी सुरीखाली आलं नाही. ती उकलत गेली आणि टोक उन्हात आलं.

ते केसाळ होतं. लहानमोठं, विस्कटलेलं, मोरपिसाच्या कडेसारखं झिरझिरीत. त्यावर सुरी कधी लागलीच नव्हती. दोन वर्षं ते लाखेच्या मोहोरेखाली पोत्यात होतं. न्यायाधीशांच्या बोटांमधून दोनदा गेलं होतं. तिने ते तळहातावर घेतलं. श्वासाने त्याचे केस हलत होते.

"काय आहे?" सासूने चाकावरूनच विचारलं. कित्येक दिवसांनी आवाज आला होता.

"एक पेड आहे, आई. हे तुटलंय. कापलेलं नाही."

काठावरच्याचा श्वास मोठ्याने सुटला.

"थांबा, भाऊजी," ती म्हणाली. तिला ते बोलणं जड गेलं, पण ती ते पुरतं बोलली. "ताणलेल्या दोराची दोन पेडं कापली की तिसरं आपोआपच तुटतं. ते असंच दिसतं. आणि तिन्ही झिजून तुटली, तरीही हे असंच दिसतं. बाकीची दोन मी छाटली."

"म्हणजे?"

"म्हणजे एवढंच. एक तुटलंय."

त्याने त्या टोकाकडे पाहिलं. मग म्हणाला, "वहिनी, मला हातातलं ओझं गेलेलं तेवढं कळलं. मी मागे पडलो. एवढंच मी पहिल्या दिवशी सांगितलं, एवढंच आहे माझ्याकडे. तुम्ही मानावं म्हणून आलो नाही."

"मग कशाला आलास?" सासू म्हणाली.

"विचारायला." त्याने दोर खाली ठेवला नाही. "त्याला वर पाठवलं आणि मी तळाशी उभा राहिलो, काकू. वर रडण्याचा आवाज. मग कुणीच नाही. मी हाका मारल्या. खालून आभाळ एवढंसं दिसतं. मला वाटलं, राहिलो आपण इथेच. आणि मग दोर आला. अगदी हळू, फळी भिंतीला न आपटता. कुणी सोडला ते कोर्टात कुणीच सांगितलं नाही. कोण होतं, वहिनी?"

"मी नव्हते. मी त्यांच्याजवळ होते."

चाकाचा दांडा सासूच्या मुठीत होता. तिने तो सोडला.

"मी," ती म्हणाली.

सुनेने वळून पाहिलं. दोन वर्षांत हे कधी निघालं नव्हतं.

"तुम्ही? आई, तुमचा मुलगा तिथे—"

"त्याच्याजवळ तू होतीस. तुझ्या मांडीवर होता तो." सासू आपल्या हातांकडे बघत होती. "विहिरीतून हाक येत होती. सगळे त्याच्याभोवती. विहिरीत माणूस ठेवून कसं चालेल? सोडला दोर. मग त्या पोरांना म्हटलं, ओढा."

काठावरच्याने मान खाली घातली.

"तेव्हा तुम्हाला टपरीवरचं बोलणं आठवलं नाही?" सुनेने हळू विचारलं.

"आठवत होतं की. जेवताना हसले होते मी त्यावर."

"मग? तेव्हाच मनात आलं असतं, की यानेच—"

सासू विचार करत राहिली. ऊन अंगणात पसरलं होतं, सुटलेली सहा पेडं त्यात पडली होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. खूप खोल जागेत वाकून बघणाऱ्या माणसासारखी ती आपल्याच आत बघत होती.

"तर सोडला असता का, ते मला माहीत नाही," ती म्हणाली.

आणि हे आपणच बोललो का, असं वाटून ती दोघांकडे आळीपाळीने बघू लागली.